शंभर व्होल्ट, एक कॅपॅसिटर आणि आपला कान

रेडिओचा खटका दाबला की आधी आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळायच्या आणि मग अर्ध्या मिनिटाने आवाज यायचा. हे दृश्य ज्यांनी पाहिले ती पिढी आता आजी-आजोबांची झाली आहे. पुढे ट्रान्झिस्टर आला, त्यामागून चिप आली आणि व्हॉल्व्ह नावाची ती काचेची नळी कायमची अडगळीत गेली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एका अनपेक्षित जागी टिकून आहे. हौशी माणसांनी हेडफोनसाठी घरीच बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आजही व्हॉल्व्ह उजळतो.

यामागे साधे कारण आहे. खोली भरून टाकणारा लाउडस्पीकर वाजवायला काही वॉट शक्ती लागते. कानाशी लावलेल्या हेडफोनला काही मिलिवॉट पुरतात. शक्ती थोडी म्हणून ट्रान्सफॉर्मर लहान आणि खर्च आवाक्यातला. दोन व्हॉल्व्ह, वीस-पंचवीस सुटे भाग आणि पत्र्याची एक पेटी एवढ्यावर काम भागते. त्यामुळे व्हॉल्व्हची पहिली ओळख करून घेणारे बहुतेक जण याच यंत्रापासून सुरुवात करतात.

मात्र या यंत्रात एक गोष्ट अशी आहे की जी जुन्या रेडिओत नव्हती. रेडिओच्या पेटीतली धोक्याची वीज आणि ऐकणारा यांच्यामध्ये लाकूड, हवा आणि चार-पाच हातांचे अंतर असे. येथे ऐकणारा तारेने यंत्राला जोडलेला असतो, आणि तोही डोक्यापाशी. बांधणी असो वा दुरुस्ती, प्रत्येक निर्णय या एका वस्तुस्थितीला धरून घ्यावा लागतो.

झडप आणि जाळी

अमेरिकन माणूस या वस्तूला ‘ट्यूब’, म्हणजे नळी म्हणतो. आपल्याकडे इंग्रजांच्या वाटेने ‘व्हॉल्व्ह’ आला. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, आणि हे नाव अधिक बोलके आहे. १९०४ मध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी जी नळी सिद्ध केली ती विजेला एकाच दिशेने जाऊ देत असे, विहिरीच्या पंपाच्या झडपेसारखी. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा घटक बसवला: बारीक तारेची जाळी. त्या जाळीमुळे झडप नुसती उघडझाप करण्याऐवजी हव्या त्या प्रमाणात किलकिली करता येऊ लागली, आणि ध्वनिवर्धन शक्य झाले.

आतली रचना अशी. मध्यभागी हीटर, म्हणजे तापणारी तार. तिच्याभोवती कॅथोडची नळी. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. सर्वांत बाहेर प्लेट, जिच्यावर मोठा धन विद्युतदाब असतो आणि जी त्या इलेक्ट्रॉनांना ओढून घेते. दोहोंच्या मध्ये जाळी. जाळीवर गाण्याचा इवलासा संकेत दिला की प्लेटकडे जाणारा प्रवाह त्याच लयीत कमी-जास्त होतो. हे सारे निर्वात पोकळीत घडते. काचेच्या आत वरच्या बाजूला जो चंदेरी डाग दिसतो तो उरलासुरला वायू शोषून घेण्यासाठी असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेला तडा जाऊन हवा आत शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह मेला आहे, हे मीटर न लावताच समजावे.

व्हॉल्व्हवरची अक्षरे पाहून नवखा माणूस गांगरतो, पण युरोपीय पद्धतीची नावे म्हणजे एक छोटी जंत्रीच असते. ‘ईसीसी ८२’ या नावात ‘ई’ म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट, ‘सी’ म्हणजे ट्रायोड, दोनदा ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि आठाचा आकडा म्हणजे नऊ पिनांचा लहान तळ. याच व्हॉल्व्हला अमेरिकेत ‘१२एयू७’ म्हणतात. त्याचा हीटर मधोमध विभागलेला असल्याने तो ६.३ किंवा १२.६ अशा दोन्ही व्होल्टांवर चालवता येतो. आपल्या देशातही हे व्हॉल्व्ह बनत असत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार केले. जुन्या दुकानांच्या फळ्यांवर त्यांची खोकी अजून अधूनमधून सापडतात. नवे व्हॉल्व्ह आज प्रामुख्याने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात.

एक नमुना सर्किट

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची अनेक सर्किटे प्रचलित आहेत. समजून घेण्यासाठी त्यांतले एक सर्वांत सोपे घेऊ. अमेरिकेतील बॉटलहेड कंपनीचा ‘क्रॅक’ नावाचा लोकप्रिय संच याच घराण्यातला. यात पहिला व्हॉल्व्ह ईसीसी ८२ आणि दुसरा ‘६०८०’. दोन्ही काचांत दोन-दोन ट्रायोड, म्हणजे एक डाव्या कानासाठी, एक उजव्यासाठी.

ईसीसी ८२ संकेताचा विद्युतदाब वाढवतो. पण त्याच्या अंगात हेडफोनला पुरेसा प्रवाह देण्याची ताकद नसते. ती कामगिरी ६०८० कडे. हा मुळात वीजपुरवठ्याचा दाब स्थिर राखण्यासाठी बनवलेला धिप्पाड व्हॉल्व्ह. त्याचा हीटर एकटा २.५ अँपिअर प्रवाह पितो. येथे त्याला ‘कॅथोड फॉलोअर’ म्हणून जुंपलेले असते. म्हणजे तो दाब वाढवत नाही. जाळीवर जे येते ते जवळपास तसेच कॅथोडवर देतो, पण जोर लावून.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. वीजपुरवठ्याचा उच्च दाब, ज्याला रेडिओ मेकॅनिक ‘एच.टी.’ म्हणत, समजा १८० व्होल्ट आहे. ईसीसी ८२ च्या प्लेटवर ८० व्होल्ट. ही प्लेट थेट ६०८० च्या जाळीला जोडलेली, त्यामुळे ६०८० चा कॅथोड त्याहून थोडा वर, सुमारे १०५ व्होल्टांवर स्थिरावतो. कॅथोडखाली ३ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर त्यातून ३५ मिलिअँपिअर वाहतात. गाणे म्हणजे या १०५ व्होल्टांच्या पाण्यावर उठणारे तरंग. आपल्याला तरंग हवे आहेत, पाणी नको.

पाणी अडवून तरंग पुढे पाठवण्याचे काम एकच भाग करतो: कॅथोड आणि हेडफोनच्या सॉकेटमध्ये बसलेला कॅपॅसिटर. तो एकदिश प्रवाह रोखतो आणि बदलता प्रवाह जाऊ देतो. शंभर व्होल्ट आणि आपला कान यांच्यामध्ये या सर्किटात दुसरा पहारेकरी नाही.

पहारेकऱ्याची परीक्षा

हा कॅपॅसिटर अंतर्गत शॉर्ट झाला तर काय होईल? कॅथोडला एकाएकी हेडफोनच्या तारेतून जमिनीकडे जाण्याची वाट मिळते. कॅथोडचा दाब कोसळतो, पण जाळी ८० व्होल्टांवरच राहते. त्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि वीजपुरवठा देऊ शकेल तेवढा प्रवाह हेडफोनमधून जातो. शंभर मिलिअँपिअर धरले तरी ३०० ओहमच्या हेडफोनवर ३० व्होल्ट आणि ३ वॉट झाले. केसासारख्या बारीक तारेचे ते वेटोळे तेवढे सोसत नाही. महागडा हेडफोन जाणे हे त्यातल्या त्यात स्वस्तात सुटणे. तारेचे आवरण झिजलेले असेल, कानाशी घाम असेल, तर त्याच वेळी विजेला माणसाच्या अंगाची वाटही सापडू शकते.

म्हणून या कॅपॅसिटरच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

त्याची व्होल्टक्षमता कॅथोडवरच्या १०५ व्होल्टांवरून ठरवून चालत नाही. समजा ईसीसी ८२ चा हीटर तुटला, किंवा कोणी तो व्हॉल्व्ह काढूनच यंत्र सुरू केले. मग त्याच्या प्लेटवर पूर्ण एच.टी. येते, ती थेट ६०८० च्या जाळीवर जाते आणि कॅथोडही तिच्यामागे १७० व्होल्टांपर्यंत चढतो. शंभर-सव्वाशे व्होल्टांचा कॅपॅसिटर तेथे टिकणार नाही. २५० व्होल्टांचा घ्यावा. याच कारणासाठी कॅथोडखालचा रेझिस्टरही १० वॉटचा लागतो, एरवी त्यात पावणेचार वॉटच खर्च होत असले तरी.

दुसरी गोष्ट म्हणजे सॉकेटच्या बाजूला, कॅपॅसिटरच्या पलीकडून जमिनीला जोडलेला एक साधा रेझिस्टर, दोन-अडीच किलोओहमचा. संकेताच्या वाटेत तो काहीच करत नाही, म्हणून नवशिके तो गाळतात. वास्तविक कोणताही इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर किंचित गळतोच. हेडफोन जोडलेला नसताना ही गळती कोठेच जाऊ शकली नाही, तर सॉकेटच्या पिनेवर हळूहळू तेच शंभर व्होल्ट साचतात. मग कोणी निर्धास्तपणे हेडफोन डोक्यावर चढवून पिन खोचतो आणि कानात बंदुकीचा बार निघाल्यासारखा आवाज होतो. हा रेझिस्टर असेल तर गळती जमिनीत मुरते आणि पिनेवर व्होल्टाचा अंशच उरतो. किंमत काही रुपयांची. सबंध यंत्रात इतक्या थोड्या पैशांत इतके महत्त्वाचे काम करणारा दुसरा भाग नसेल.

तिसरी गोष्ट क्षमतेची, म्हणजे मायक्रोफॅरडची. ३०० ओहमचा हेडफोन आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा सुमारे १०० ओहमचा अंतर्गत रोध मिळून ४०० ओहम होतात. त्यासाठी १०० मायक्रोफॅरड घेतले तर ४ हर्ट्झपर्यंतचे स्वर पुढे जातात. माणसाचा कान २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही, तेव्हा हे भरपूर झाले. ज्या सर्किटांचा अंतर्गत रोध अगदी कमी असतो आणि ज्यांना ३२ ओहमचे हेडफोन चालवायचे असतात, त्यांत मात्र २० हर्ट्झ गाठायलाच २५० मायक्रोफॅरड लागतात. तेथे ४७० किंवा १००० घालतात.

एवढ्याने ज्याचे समाधान होत नाही त्याला आणखी एक वाट आहे: आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्यात उच्च दाबाची गुंडाळी आणि हेडफोनची गुंडाळी यांचा तारेने संबंधच नसतो. ५ किलोओहमचा भार हवा असलेल्या व्हॉल्व्हला ३२ ओहमचा हेडफोन जोडायचा तर वेढ्यांचे प्रमाण साडेबारास एक असे येते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही वाट अधिक चांगली. पण चांगला ध्वनी-ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर मिळणे कठीण, आणि मिळाला तर त्याची मजुरी उरलेल्या यंत्राहून जास्त.

अगदी नवख्याने कमी व्होल्टांच्या मिश्र सर्किटापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. पीट मिलेट या अमेरिकन अभियंत्याचे सर्किट प्रसिद्ध आहे. ट्रान्झिस्टर नुकते येऊ लागले होते त्या काळात मोटारीच्या बॅटरीवर, म्हणजे बारा व्होल्टांवर चालणारे काही व्हॉल्व्ह बनले होते. मिलेट यांनी ते पुढे घालून मागचे जोराचे काम चिपकडे सोपवले आणि सारे यंत्र २४ व्होल्टांवर चालवले. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात, मुरडोत बापडी. सोल्डरिंगचा हात बसेपर्यंत २४ व्होल्टच बरे.

ऊब कोठून येते

‘ट्यूबचा आवाज उबदार असतो’ हे वाक्य या छंदात इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासून पाहणे भाग आहे. मोजमापाच्या कसोटीवर आजची एखादी स्वस्त चिप या यंत्राहून सरस ठरते. तिची खरखर कमी, विरूपणही कमी. हे मान्य करूनच पुढे जावे.

मग लोकांना जे ऐकू येते ते काय? पहिली बाब अशी की ट्रायोडचे विरूपण बहुतांशी दुसऱ्या संनादीचे असते. म्हणजे मूळ स्वर मध्य षड्ज असेल तर त्यात मिसळणारा आगंतुक तार षड्ज असतो. तंबोऱ्याच्या तारेत तो एरवीही असतोच. त्यामुळे कानाला तो परका वाटत नाही. दुसरी बाब निव्वळ अंकगणिताची आहे. ३०० ओहमचे म्हणून विकले जाणारे काही हेडफोन सर्व स्वरांना ३०० ओहमचे नसतात. खर्जाकडच्या एका पट्ट्यात ते ५०० ओहमच्या आसपास चढतात. व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध १०० ओहम असल्याने एरवी हेडफोनच्या वाट्याला पाऊण हिस्सा दाब येतो, तर त्या पट्ट्यात पाचषष्ठांश येतो. फरक सुमारे १ डेसिबलचा. डग्ग्याचा घुमारा किंचित भरीव वाटतो तो यामुळे. तीच गणिते ३२ ओहमच्या हेडफोनला लावली तर त्याच्या वाट्याला जेमतेम पाव हिस्सा येतो. मोबाइलचा साधा हेडफोन या यंत्रावर फिका वाजतो तो का, याचे उत्तर हे.

यात हिणवण्यासारखे काही नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ज्या काळात निघाल्या, त्या काळी मुद्रणाची विद्युत यंत्रणाही व्हॉल्व्हवरच चालत होती. पोर्तुगीज अमदानीत ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचाच असे. ज्या साधनाने तो आवाज पहिल्यांदा घराघरांत पोहोचला त्याच साधनाने तो पुन्हा ऐकावासा वाटणे, हे कारण मला पुरेसे वाटते. फक्त त्यासाठी ‘उबेची’ पौराणिक कथा रचण्याची गरज नाही.

दुरुस्तीच्या टेबलावर

बंद पडलेले यंत्र उघडण्यापूर्वी एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावी. चांगले यंत्र बंद केल्यावर त्याचे व्हॉल्व्ह काही वेळ गरम राहतात आणि वीजपुरवठ्यातील कॅपॅसिटरांचा साठा तेच पिऊन टाकतात. बिघडलेल्या यंत्रात हीटर तुटलेला असेल किंवा व्हॉल्व्ह काढून ठेवला असेल, तर तो साठा तसाच राहतो. म्हणजे सुस्थितीतले यंत्र स्वतःला सुरक्षित करते, आणि दुरुस्तीला आलेलेच तेवढे करत नाही.

यासाठी मुख्य कॅपॅसिटरांवर कायमचा एक निचरा-रेझिस्टर हवा. २२० मायक्रोफॅरडवर १०० किलोओहम लावला तर १८० व्होल्टांचे ३० व्होल्ट व्हायला सुमारे ४० सेकंद लागतात. रेझिस्टर २ वॉटचा घ्यावा. उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वॉटची नसते हे खरे, पण पाव वॉटचे चिमुकले रेझिस्टर एवढा दाब वर्षानुवर्षे सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात. आणि निचरा आहे म्हणून विश्वासून राहू नये. तोही तुटू शकतो. प्लग भिंतीतून काढावा, दोन मिनिटे थांबावे, मीटरने मोजावे. दाब उरला असेल तर दोन किलोओहमचा १० वॉटी रेझिस्टर आवरण असलेल्या चिमट्यांनी लावून तो उतरवावा. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची जी जुनी मर्दुमकी आहे ती सोडून द्यावी; तिच्याने कॅपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका असतो. यंत्र सुरू ठेवून मोजायची वेळ आली तर काळा चिमटा शॅसीला आधीच अडकवावा आणि फक्त लाल टोक एका हाताने धरावे. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात. दोन हातांमधून जाणारी वीज छातीतून जाते.

नव्याने बांधलेले किंवा नुकतेच दुरुस्त केलेले यंत्र थेट २३० व्होल्टांवर सोडू नये. आपल्या इलेक्ट्रिशियनांचा सिरीज लॅम्प येथे देवासारखा धावून येतो. साठ किंवा शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब यंत्राच्या वाटेत मालिकेत जोडायचा. क्षणभर उजळून तो मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. बल्ब पेटला, पण ट्रान्सफॉर्मर वाचला. एलईडी बल्ब या कामाचा नाही. पिवळे बल्ब बाजारातून नाहीसे होत आहेत, तेव्हा एक-दोन बाजूला ठेवलेले बरे.

आता दोष शोधण्याकडे. दोन कानांसाठी दोन सारखी सर्किटे असणे हा स्टिरिओ यंत्राचा मोठा उपकार. एक बाजू बिघडली तरी दुसरी चांगली बाजू नकाशासारखी शेजारी हजर असते. ईसीसी ८२ च्या १ आणि ६ क्रमांकाच्या पिना म्हणजे दोन प्लेटा. ३ आणि ८ म्हणजे दोन कॅथोड. ६०८० चे कॅथोड ३ आणि ६ वर. या जोड्या मोजून ताडून पाहिल्या की निम्मे काम झाले. समजा एका प्लेटवर ८० आणि दुसरीवर १८० व्होल्ट आहेत: दुसऱ्या ट्रायोडमधून प्रवाहच जात नाही. काच तांबूस उजळत असेल तर कॅथोडखालचा भाग सुटला आहे, सॉकेटची पीन सैल आहे किंवा त्या बाजूचा कॅथोड थकला आहे. दोन्ही व्हॉल्व्ह थेट जोडलेले असल्याने पहिल्याची चूक दुसऱ्याच्या अंगावर दिसते. ६०८० च्या एका कॅथोडवर १४० व्होल्ट दिसले म्हणून ६०८० बदलण्याची घाई करू नये. आधी मागे जाऊन ईसीसी ८२ ची प्लेट मोजावी.

गुणगुण ऐकू येत असेल तर ती कोणत्या उंचीची आहे याकडे कान द्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची. पूर्ण तरंग वळवणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. वरची गुणगुण असेल तर गाळणीचे कॅपॅसिटर सुकले आहेत. खालची असेल तर हीटरच्या तारा पिळून घातलेल्या नाहीत किंवा त्या जाळीच्या तारेला खेटून गेल्या आहेत. जमिनीच्या जोडण्या ठिकठिकाणी झाल्या असतील तरीही हाच स्वर येतो. त्या एका बिंदूत आणाव्यात. सुरांची समज असलेल्या माणसाला हे निदान मीटरवाल्याच्या आधी होते.

कुरकुर आणि फटफट हे वेगळे प्रकरण. आवाजाची कळ फिरवताना कुरकुर होत असेल तर पोटेन्शिओमीटर साफ करावा. न फिरवताही होत असेल तर व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करावी. टकटक हेडफोनमध्ये घंटेसारखी घुमली तर आतले धातूचे भाग सैल झाले आहेत. असा व्हॉल्व्ह पहिल्या जागेसाठी निकामी. घुमत नाही पण फटफट होते, तर सॉकेटच्या पिना किंवा सोल्डरचा कच्चा सांधा. आपल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सॉकेटच्या पिना हिरव्या-काळ्या पडतात. बरेचदा व्हॉल्व्ह दोन-तीनदा काढून घालण्यानेच आवाज परततो. जुन्या कार्बन रेझिस्टरांची किंमतही काळानुसार वर सरकते, तेव्हा रंगांच्या पट्ट्यांवर विश्वासून न राहता मीटरनेच वाचावे.

कोणी जुना रेडिओ मोडून त्यातले भाग वापरणार असेल तर त्यातले व्हॉल्व्ह आणि त्यांची सॉकेटे घ्यावीत. ट्रान्सफॉर्मर तपासून घ्यावा. कॅपॅसिटर एकही घेऊ नये. मर्फी किंवा बुशच्या त्या पेट्यांतील कागदी कॅपॅसिटर आता साठ वर्षांचे झाले. दोन व्हॉल्व्हच्या मधला असा कॅपॅसिटर गळू लागला की पुढच्या जाळीवर धन दाब चढतो आणि व्हॉल्व्ह तापून लाल होतो. येथे तर तोच कॅपॅसिटर हेडफोनच्या वाटेवर बसायचा आहे.

नवे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. ट्रान्सफॉर्मर सांगून गुंडाळून घेताना एक सूचना अवश्य द्यावी: आपल्या गावी रात्री दाब किती चढतो ते. भिंतीत २३० ऐवजी २५० व्होल्ट आले तर ६.३ व्होल्टांचा हीटर ६.८५ वर जातो. दहा टक्क्यांची सवलत धरली तरी मर्यादा ६.९ च्या आसपास. म्हणजे आपण कडेवरच उभे. त्याच वेळी एच.टी.ही वाढते, आणि व्हॉल्व्ह थंड असताना पहिल्या काही सेकंदांत तिच्यावर भारच नसल्याने ती २५० पर्यंत उडी घेऊ शकते. गाळणीचे कॅपॅसिटर म्हणूनच ३५० व्होल्टांचे हवेत. पत्र्याची शॅसी अर्थिंगला जोडलेली असलीच पाहिजे, आणि ते अर्थिंग खरे असले पाहिजे. जुन्या घरांत भिंतीवर तीन भोकांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

यंत्र तयार झाले की पहिला कान आपला नसावा. सॉकेटला हेडफोनऐवजी ३०० ओहमचा रेझिस्टर जोडावा, यंत्र सुरू करावे आणि त्याच्या टोकांशी एकदिश दाब मोजत राहावे. व्हॉल्व्ह तापत असताना काटा थोडा हलेल, कारण कॅपॅसिटर भरत असतो. दोन-तीन मिनिटांत तो काही मिलिव्होल्टांवर आला पाहिजे. तासभर तसेच चालू द्यावे, मधूनमधून पाहावे. मग आवाजाची कळ शून्यावर आणून शेदोनशे रुपयांचा हेडफोन जोडावा, तोही टेबलावर ठेवून. त्यातून गाणे नीट येते, दाब जागचा हलत नाही आणि कशाला जळका वास नाही, अशी खात्री झाली की तो कानाला लावावा. चांगला हेडफोन पेटीतून दुसऱ्या दिवशी काढला तरी चालेल.